बेबीताईचं मोकळं वर्ष

चहात आलं किसून टाकत होते, तेव्हा फोन वाजला. तरणतलावावरच्या बायकांच्या ग्रुपवर शिकवणाऱ्या मॅडमनी एक मेसेज पुढे पाठवला होता. 'आमच्या मातोश्री श्रीमती प्रमिला जगन्नाथ राऊत यांचे आज पहाटे हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने निधन झाले.' खाली अंत्ययात्रेची वेळ. कोणाच्या तरी आई गेल्या, एवढंच मनात आलं. हात जोडल्याचं चिन्ह टाकलं, चहा गाळला, ह्यांना कप नेऊन दिला. पाच मिनिटांनी फ्लोरीचा फोन आला.

"माधुरी, मेसेज वाचलास?"

"वाचला. कोण गं ह्या प्रमिलाबाई?"

ती हळूच म्हणाली, "अगं, आपली बेबी..."

जिच्याबरोबर वर्षभर पाण्यात उतरले, जिच्यासोबत एका ताटात जेवले, कोल्हापूरपर्यंत जाऊन आले, तिचं कागदावरचं नाव मला ठाऊक नव्हतं. ती कधी बोलली नाही आणि मलाही विचारावंसं वाटलं नाही. गंमत अशी की आम्हा तिघींत प्रश्न विचारणारी तीच होती. तिला जाऊन आता सात आठवडे झाले. ते सगळे प्रश्न आता माझ्याकडे राहायला आल्यासारखे झालेत. कामात असताना मधेच वाटतं, हे आपण तिला विचारलंच नाही, तेही विचारलं नाही...

मी मूळची साताऱ्याकडची. लग्न झाल्यावर नालासोपाऱ्यात आले आणि आचोळ्यातल्या फ्लॅटमध्ये सव्वीस वर्षं काढली. नोकरी मुंबईत. इतक्या वर्षांत आमच्या स्टेशनच्या पश्चिमेला चार पावलं गेले असेन तर शपथ. आगाशी, निर्मळ, नंदाखाल ही नावं रिक्षावाल्यांच्या तोंडून ऐकलेली, तेवढीच. निवृत्त झाले आणि गुडघ्यानं डोकं वर काढलं. डॉक्टर म्हणाले, पोहा. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मी पालिकेच्या तरणतलावात बायकांच्या बॅचला नाव घातलं. ओळखीची माणसं माझ्याकडे पुष्कळ होती, पण मैत्रीण म्हणावी अशी ऑफिस सुटल्यापासून एकही उरली नव्हती. त्याचं मला फारसं काही वाटतही नव्हतं.

मार्चमधला पहिला दिवस. आम्ही दहाबाराजणी काठाला धरून पाय मारत होतो. एक बाई मात्र पाण्यात पाय सोडून काठावर बसून राहिली होती. वय चौसष्टच्या आसपास, हाडापेरानं मजबूत, उन्हानं रापलेली. नवाकोरा पोहण्याचा पोशाख, बाह्या मनगटापर्यंत, पाय घोट्यापर्यंत, आणि त्यावर कपाळापर्यंत ओढलेली रबरी टोपी. मॅडमनी दोनदा हाक मारली. ती उतरेना. शेवटी तिनं हात वर केला, शाळेत करतात तसा.

"मॅडम, शहाळं पान्यात टाकलं तर तरंगतं. माझ्यातबी पानीच भरलंय ना? मग मी का बुडते?"

मॅडम तरुण होत्या. त्या गडबडल्या. "तुम्ही घाबरता म्हणून."

"शहाळं घाबरत नाय?"

"नाही."

"मग मला शहाळं व्हायला शिकवा. पोहायचं मागाहून बघू."

सगळ्या हसलो. ती मात्र अजिबात हसली नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आठव्या दिवशी ती पाठीवर निजली, हात पसरले, डोळे मिटले आणि राहिली तशीच. फ्लोरी माझ्या शेजारी उभी होती. फ्लोरी म्हणजे निवृत्त नर्स. वसईच्या एका गावात राहते, चर्चच्या क्वायरमध्ये गाते आणि मनात येईल ते तोंडावर बोलते. ती मला म्हणाली, "ही बाई आपल्या कामाची आहे. चल, ओळख काढू."

ओळख निघाली ती अशी. बेबीताई नंदाखालची. घराच्या मागे केळीची आणि सोनचाफ्याची वाडी, नारळाची झाडं आणि एक बावखल. आमच्या भागात वाड्यांमधून जी जुनी तळी असतात त्यांना बावखल म्हणतात. माहेरी आणि सासरी दोन्हीकडे बावखल, पण त्यात डुंबायचं मुलग्यांनी. मुलींनी काठावर कपडे धुवायचे. मुलगा नितीन अंधेरीला नोकरीला, राहायला विरारच्या फ्लॅटमध्ये. नवरा जगन्नाथराव दोन महिन्यांपूर्वी, संक्रांत झाल्यावर चार दिवसांनी गेले. त्याआधी नऊ वर्षं ते अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळून होते. कूस बदलायची, भरवायचं, पुसायचं... नऊ वर्षं. ह्या काळात ती वाडीबाहेर किती वेळा पडली असेल, हे तिनं एकदा बोटांवर मोजून सांगितलं होतं. दोन्ही हातांची बोटं पुरली.

म्हणजे ज्या वर्षी ती आमची मैत्रीण झाली ते तिचं दुखवट्याचं वर्ष होतं. वर्षश्राद्ध होईपर्यंत सणवार नाही, लग्नकार्याला जाणं नाही, गाणंबजावणं तर नाहीच. आणि ती पोहायला येत होती. आधी मला हे कळलं नाही. कळलं तेव्हा मनाच्या एका कोपऱ्यात थोडं खटकलंही, खोटं कशाला बोलू.

फुटबॉल तिच्या आयुष्यात आला तोही वाडीच्या कुंपणावरून. घराशेजारी एक पडीक शेत होतं. तिथे पाखाडीतल्या, म्हणजे त्या वस्तीतल्या, मुली संध्याकाळी खेळायला येऊ लागल्या. बारावीपासून पदवीपर्यंतच्या मुली. शिकवायला संगीता नावाची शाळेतली पीटीची शिक्षिका. आठवड्यात चारदा चेंडू बेबीताईच्या केळीत येऊन पडायचा. एके दिवशी तिची नुकताच घड धरलेली केळ मोडली. ती चेंडू हातात घेऊन तणतणत मैदानावर गेली, संगीताला चार शब्द ऐकवायला. मैदानावर पोचली तेव्हा खेळ थांबलेला होता आणि एक मुलगी झेंडा वर धरून उभी होती.

"हिनं झेंडा का वर केलाय?" बेबीताईनं विचारलं.

"ऑफसाइड झालं म्हणून, आजी."

"ते काय असतं?"

संगीतानं सांगितलं. बेबीताईला समजलं नाही. पुन्हा सांगितलं. तरी नाही. अंधार पडेपर्यंत ती तिथेच बसली आणि केळीचं बोलायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी तलावावर तिनं आम्हाला विचारलं, "गोल तर झाला होता, चेंडू आत गेला होता, मग गोल नाय असं कसं?" मला काय ठाऊक? फ्लोरीला थोडं माहीत होतं, तिचे भाऊ खेळायचे. तलावाच्या काठावर ओल्या अंगानं तिनं साबणदाणी, टोपी आणि चपला मांडून समजावलं. बेबीताई मान हलवायची आणि पुन्हा पहिलाच प्रश्न विचारायची. शेवटी म्हणाली, "बघितल्याशिवाय कळनार नाय. रविवारी मॅच हाय. तुम्ही दोघी यायचं."

अशा आम्ही पाखाडी इलेव्हनच्या पाठीराख्या झालो. पहिल्या मॅचला आमच्या मुली सहा गोलांनी हरल्या. दुसऱ्या मॅचला चार. मी आयुष्यात कुठल्याही खेळाचा सामना मैदानात बसून पाहिला नव्हता. पहिले दोन रविवार मी घड्याळ बघत होते. तिसऱ्या रविवारी आमची गोलकीपर डावीकडे झेपावली आणि तिनं बोटांच्या टोकांनी चेंडू बाहेर घालवला, तेव्हा मी उभी राहून ओरडत होते आणि माझी पर्स चिखलात पडली होती. हे कधी झालं, कसं झालं, मला अजून सांगता येणार नाही. हरणाऱ्या संघासाठी माणूस घसा का फोडतो? बेबीताईला विचारलं तर म्हणाली, "जिंकनाऱ्यांना आपली काय गरज?"

गाण्याचं असंच झालं. माझ्याकडे कपाटावर एक पेटी पडून होती, माहेराहून आणलेली. लहानपणी सहा वर्षं शिकले होते, मग संसारात राहिलं. बेबीताई एकदा आचोळ्याला आली, तिनं वर बघितलं आणि विचारलं, "त्या पेटाऱ्यात काय हाय?" खाली काढली, धूळ झटकली. भाता ठीक होता, दोन सूर मुके झाले होते. तिनं एकेक पट्टी दाबून बघितली. "ही काळी कशाला? पांढऱ्यांत भागत नाय?" मग ती गायली. त्यांच्याकडे लग्नात बायका धवले गातात, संथ, लांबच लांब ओळींची गाणी. एक बाई सुरुवात करते, बाकीच्या उचलून धरतात. तिला ती पुष्कळ येत होती. तिच्या आजेसासूनं तिला शिकवलेली. आवाज जाड, थोडा खरखरीत, पण सुराला इतका पक्का की मी पेटीवर चाचपडत तिच्या मागे जायचे आणि ती थांबून माझी वाट बघायची. दर बुधवारी दुपारी ती येऊ लागली. फ्लोरी खालचा सूर धरायची, क्वायरमधल्यासारखा. ह्यांनी टीव्हीचा आवाज कमी करायला सुरुवात केली. मग एका बुधवारी टीव्ही लावलाच नाही.

त्या चालींवर तिनं मैदानासाठी शब्द जुळवले.

पाखाडीच्या पोरी आल्या, पायी वारा बांधून,
गोल करा गं बायांनो, नारळ देते सोलून...

लग्नातल्या त्या संथ चालीत हे गाणं मैदानाच्या कडेला सुरू झालं की समोरच्या संघाच्या मुली चक्रावून बघायच्या. आपल्याकडे प्रोत्साहन म्हणजे आरडाओरडा. इथे तीन म्हाताऱ्या रांगेत बसून मुलगी सासरी पाठवल्यासारखं गातायत! आमच्या मुलींना आधी लाज वाटायची. नंतर गाणं सुरू झालं नाही तर त्या कडेला बघायच्या.

मे महिन्यात आम्ही अर्नाळ्याच्या किल्ल्यावर गेलो. बेबीताईच्या घरापासून अर्नाळा हाकेच्या अंतरावर, पण होडीनं बेटावर ती कधी गेली नव्हती. होडीत बसल्याबसल्या तिनं नाखव्याला विचारायला सुरुवात केली. भरती कधी, ओहोटी कधी, आणि समुद्राचं पाणी खारट तर किल्ल्यातल्या विहिरीचं गोडं कसं? नाखवा म्हणाला, "आजी, मी रोज पितो, कधी विचार नाही केला." परत येताना लाटेनं होडी उचलली आणि मी तिचा हात घट्ट धरला. तोवर मी तिला अहोजाहो करत होते. त्या लाटेवर माझ्या तोंडून "बेबीताई, धर गं मला" असं निघालं आणि मग तेच राहिलं.

नितीनला हे सगळं कळत होतं. गावात कुणी ना कुणी सांगायचंच. तो वाईट मुलगा नव्हता, हे आधी सांगते. वडिलांच्या औषधांना, डायपरना, डॉक्टरांना त्यानं कधी कमी पडू दिलं नाही. पण वडील गेले त्या वर्षात आई पोहते, होडीतून फिरते, मैदानावर गाते, हे त्याला सोसेना. ऑगस्टमधल्या एका रविवारी, मॅच ऐन रंगात असताना, तो मोटरसायकलवरून आला. पावसाची भुरभुर होती. आम्ही तिघी एका ताडपत्रीखाली बसलो होतो. तो समोर येऊन उभा राहिला.

"आई, घरी चल."

"बस," ती म्हणाली. "तुला काय बोलायचं ते हाफटाइमला बोल. आत्ता बघू दे."

आणि तो खरंच बसला. काय करणार बिचारा, आम्ही दोघी परक्या बायका शेजारी. पाच मिनिटं मान खाली घालून बसला. मग आमच्या मुलीनं गोल मारला, आम्ही ओरडलो, आणि झेंडा वर गेला. नितीनच्या तोंडून नकळत निघालं, "अरे, का? गोल तर झाला."

बेबीताईनं मान वळवली. त्या वेळी तिचा चेहरा बघण्यासारखा होता. "रांगेत तू मागं उभा हाईस," ती म्हणाली, "आनि माल यायच्या आधीच पुढं जाऊन थांबलास, तर दुकानदार देईल का? नाय देनार. चेंडू निघेपर्यंत आपल्या जागेवर राहायचं. मग पळायचं." साबणदाण्या आणि चपलांतून जे तिला कळलं नव्हतं, ते कधीतरी तिचं तिलाच उलगडलं होतं. आम्हालाही तिनं तोवर सांगितलं नव्हतं.

हाफटाइमला तो बोलला. आवाज खाली ठेवून, पण सगळं बोलला. "बाबांना जाऊन सात महिने झाले. सात. लोक मला तोंडावर विचारतात. तू इथे गाणी म्हणतेस... तुला काहीच वाटत नाही?"

तिनं सगळं ऐकून घेतलं. "तू बोललास ते बरोबर हाय," ती म्हणाली. "लोक बोलतात तेबी बरोबर असेल. पन मी येनार." तो उठला, गाडी चालू केली आणि निघून गेला. त्यानंतर महिनाभर मायलेकरांचं बोलणं बंद होतं. सून फोन करायची. बेबीताई तलावावर येत राहिली, मैदानावर जात राहिली, पण तिचे प्रश्न त्या महिन्यात कमी झाले. पाण्यातून बाहेर आली की टोपी काढून नुसती बसायची. त्या महिन्यात तिला काय वाटत होतं, हे मी तिला विचारायला हवं होतं. वाटलं, तिच्या घरातलं आहे, आपण कशाला? सव्वीस वर्षं फ्लॅटमध्ये राहून लागलेली सवय...

ऑक्टोबरच्या शेवटी मुलींना कोल्हापूरच्या एका स्पर्धेचं बोलावणं आलं. संगीतानं छोटी बस ठरवली, तीन सीटा रिकाम्या होत्या. बेबीताईनं घाटाच्या आधी एकदा आणि घाटानंतर एकदा बस थांबवून शेतातल्या माणसांना हे पीक कुठलं म्हणून विचारलं. कोल्हापुरात फुटबॉलचं वेड आहे असं ऐकून होते, ते खरं निघालं. मुलींच्या मॅचलाही माणसं भिंतीवर चढून बसलेली. पहिला सामना आम्ही हरलो. दुसऱ्या सामन्यात आम्ही तिघींनी गाणं धरलं, तर पलीकडच्या कडेला बसलेल्या एका हलगीवाल्यानं चार ओळी कान देऊन ऐकल्या आणि ठेका धरला. संथ चाल त्यानं अशी काही उचलली की बेबीताई गाता गाता उभी राहिली. तो सामना आमच्या मुलींनी एका गोलनं जिंकला. मुलींनी तिला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला आणि सगळ्या मिळून चिखलात पडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पंचगंगेच्या घाटावर बसलो होतो. मुली पायऱ्यांवर फोटो काढत होत्या. पाण्याकडे बघत बेबीताई मध्येच म्हणाली, "हे गेले त्या दिवशी सगळं आटपलं. मी आंघोळ करून आले. जावेनं पिठलंभात आनला होता. मला भूक लागली. अशी भूक गं, की मी तिसऱ्यांदा भात घेतला. नऊ वर्षांत अन्नाला चव अशी नव्हती... घरात मानूस गेलाय आनि मला सुटल्यासारखं वाटतंय. हे पाप असेल का?"

मी पटकन म्हणाले, "असं बोलू नये, बेबीताई."

फ्लोरीनं माझ्याकडे एकदा बघितलं. मग ती बेबीताईला म्हणाली, "मी चाळीस वर्षं वॉर्डात काढली. ज्यांनी सेवा केलेली असते त्यांनाच त्या दिवशी भूक लागते. बाकीचे रडतात. मी शेकडो वेळा बघितलंय." बेबीताईनं डोळ्याला पदर लावला. मी मुलींचे फोटो काढायला उठून गेले, कारण तिथे बसवेना.

पुढच्या बुधवारी पेटी उघडण्याआधी मी तिला म्हणाले, "घाटावर मी चुकीचं बोलले."

"कधी?" तिनं विचारलं. मग आठवून म्हणाली, "तू घाबरलीस. मीबी घाबरले होते. म्हनून तर बोलले. चल, सूर दे." माझी क्षमा मागायची तयारी मोठी होती, तिनं ती एवढ्यात संपवली.

जानेवारीत वर्षश्राद्ध झालं. तिनं ते अगदी मनापासून केलं, सगळी भावकी जेवली, आणि नितीन दोन दिवस घरी राहिला. बोलणं तोवर सुरू झालं होतं, म्हणजे भाजी काय, गाडीत पेट्रोल आहे का, एवढं. मग फेब्रुवारीतल्या एका सकाळी तिनं आम्हाला दोघींना बोलावून घेतलं. नितीन कामावर होता. तिनं वाडीतल्या बावखलात उतरायचं ठरवलं होतं. फ्लोरीनं तिच्या कमरेला दोरी बांधली, दुसरं टोक नारळाच्या झाडाला. थंडी होती. केळीआडून शेजारणी बघत होत्या. ती उतरली, दोन वेळा खोल श्वास घेतला आणि निघाली. तलावातल्यासारखं निळं पाणी नाही, हिरवं, खाली काय आहे दिसत नाही असं. मधोमध जाऊन ती थांबली, पाठीवर वळली आणि आकाशाकडे बघत पडून राहिली. फ्लोरी दोरी ओढायला निघाली, मी तिचा हात धरला. मग बेबीताई पुन्हा वळली आणि पलीकडच्या काठाला लागली. केसांत शेवाळ, दातांवर दात वाजतायत. तिची मोठी जाऊ, सत्तरीची, काठावर कमरेवर हात ठेवून उभी होती. आम्हाला वाटलं आता बोलणी बसणार. ती म्हणाली, "मला कधी शिकवतेस?"

त्यानंतर बारा दिवसांनी बेबीताई गेली. आदल्या संध्याकाळी मैदानावर होती, घरी आली, जेवली, झोपली. पहाटे जावेला हाक मारली तेवढीच. त्रास फार झाला नाही असं डॉक्टर म्हणाले. अंत्ययात्रेला पाखाडी इलेव्हनच्या मुली शाळा-कॉलेज बुडवून आल्या होत्या. त्यांनी रडायचं नाही असं ठरवलं होतं म्हणे. ते काही जमलं नाही.

मागच्या रविवारी नितीनचा फोन आला. "मावशी, येता का घरी? थोडं बोलायचं होतं." फ्लोरीची क्वायरची प्रॅक्टिस होती, म्हणून मी एकटीच गेले. दुपार उतरत होती. तो ओटीवर बसला होता. सुनेनं चहा आणून दिला आणि ती आत गेली. तो हातातला कप फिरवत राहिला.

"एक विचारू? तुम्ही आईबरोबर वर्षभर होता. ती माझ्याबद्दल काय बोलायची?"

काहीतरी गोड सांगावं असं मला वाटलं. तो तेच ऐकायच्या तयारीनं आला असावा. पण ज्या बाईला प्रश्नाचं खरं उत्तर मिळाल्याशिवाय झोप यायची नाही, तिच्या मुलाला खोटं सांगायचं? मी म्हणाले, "फारसं नाही बोलायची. एकदाच बोलली. तू मैदानावर येऊन रागावलास ना, त्या दिवशी रिक्षातून परतताना."

तो माझ्याकडे बघायचा थांबला.

"ती म्हणाली, नितीन रागावला की थेट त्याच्या बापासारखा दिसतो. नऊ वर्षं त्यांच्या तोंडावर राग उमटला नाय, चेहराच हलायचा नाय. आज बघितला. बरं वाटलं मला."

त्यानं कप खाली ठेवला. वाडीकडे तोंड करून बसला. चाफ्याच्या झाडांत कुणीतरी फुलं खुडत होतं, त्याचा आवाज येत होता.

तेवढ्यात फाटकातून चार मुली आल्या. "दादा, चेंडू." त्यानं खिशातून किल्ली काढली, द्यायला हात पुढे केला, आणि मग स्वतःच उठला. ओटीच्या टोकाला एक खोली आहे, तिचं दार मी कायम बंदच पाहिलेलं. तो म्हणाला, "बाबांची खोली. ते गेल्यावर मी हिच्यात पाऊल टाकलं नव्हतं. आईला नेलं त्या दिवशी चटई काढायला उघडली, तेव्हा कळलं." दार उघडलं. खाट नव्हती. शहाबादी फरशीवर खाटेच्या चार पायांचे पांढरट डाग तेवढे होते. भिंतीशी गोलची जाळी गुंडाळून ठेवलेली, वर्तमानपत्रांवर बुटांच्या जोड्या ओळीनं, प्रत्येक जोडीत चिठ्ठी, एका टोपलीत चेंडू. औषधांचा वास अजिबात नव्हता, ओल्या मातीचा आणि रबराचा होता. दोन्ही खिडक्या उघड्या.

नितीन उंबऱ्यावर थोडा वेळ थांबला. मग आत गेला आणि मुलींच्या हातात एकेक चेंडू देऊ लागला. शेवटचा दाबून बघितला. मऊ होता.

"पंप खिडकीत असतो, दादा," एक मुलगी म्हणाली. "तिकडे, बेबीआजीच्या डब्यात."

त्यानं डबा काढला, पंप काढला. त्या चार डागांच्या मधोमध उकिडवा बसला, चेंडू गुडघ्यांत धरला आणि हवा भरायला लागला. मुली दारात उभ्या राहून वाट बघत होत्या.